उलटी बाजू

विट्यातल्या शेडमध्ये फोन ठेवला होता
डब्याच्या झाकणावर, सहा नंबरच्या मागापाशी.
चार मिनिटं बारा सेकंद.
घरी येऊन फाइल उघडली,
तर ब्राउझरला त्यात ना माग दिसला ना खटखट.
नुसते आकडे,
सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशे,
उणे एक ते अधिक एकच्या मधे
हेलपाटे घालणारे.

स्क्रीनची रुंदी आठशे ठिपके.
म्हणजे एकेका ठिपक्यात
चौदा हजारांच्या आसपास आकडे कोंबायचे.

आधी मी सरासरी काढली,
शाळेत शिकवलेली, सगळ्यांना न्याय देणारी.
सरासरी आली शून्य.
बारा माग धडाडत होते
आणि माझ्या कॅनव्हासवर एक रेघ,
इस्त्री मारल्यासारखी.
जेवढं वर तेवढंच खाली,
एकमेकांना खाऊन मोकळं.

मग कळलं, ठिपक्यातला सगळ्यात उंच तेवढा उचलायचा,
बाकीच्यांना विचारायचं नाही.
तोच वर काढायचा, तोच उलटून खाली.
देखणं दिसतं.
सगळे तसंच करतात.

जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालते.
त्या एका धाग्याला मी
एक कोटी अकरा लाख आकडे एकदम ओढायला लावले.
पान गोठलं. बटण दाबलं तर दबेना.
बाण्याचा धागा तुटला की मागही थांबतो,
पण तो का थांबला ते दाखवतो तरी.
शेवटी तुकडे केले:
थोडं काढ, दम खा, पुढचं काढ.
डावीकडून रेघेला रेघ लागत गेली,
हळदी रंगाची,
आणि पहाटे अडीचला
आठशे ठिपके रुंद कापड तयार.

रविवारी टॅब घेऊन शेडवर गेले.
बाबालालचाचा, पस्तीस वर्षं जॉबर,
कानात कधी बोळा घातला नाही,
म्हणतात, मग कळायचं कसं.
त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं,
पोत बघावा तसं,
आणि अख्खं चित्र सरकलं डावीकडं.
त्यांनी हात झटकन मागं घेतला.
मग चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाकून राहिले.

"पोरी, कापडाला दोन बाजू असत्यात.
हितं वरची तीच खालची.
ही उलटी बाजू न्हाय, आरसा हाय."

मी म्हणाले, सोयीसाठी.
ते काही बोलले नाहीत.
पाना घेऊन आठ नंबरकडं गेले.

रात्री कोडमधला एक शब्द खोडला,
उण्याला अधिक करणारा.
आता ठिपक्यात दोघांना जागा,
सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल.
जवळ नेऊन पाहिलं:
धोटा आदळतो तिथं वरचं टोक दांडगं,
खालचं खुरटं, जरा उशिरा आलेलं.
पुढच्या फेरीला नेमकं उलट.
इतके दिवस मी निम्मा आवाज दोनदा काढत होते.

तीन मिनिटं सात सेकंदांवर लाइट गेली होती.
एकेक माग बसत गेला,
आणि मग पट्टी सपाट.
शून्यच असणार, म्हणून सोडून देत होते.
तरी सत्तर पट मोठं केलं.
बारीक फुगवटे. हेडफोन लावला.

"ती पोरगी फोन इसरून गेली काय रं?"

कुणीतरी उत्तर देतं, ते नीट लागत नाही.
मग चहाचे ग्लास, पत्र्यावर एक कावळा,
आणि चाचा गुणगुणतात काहीतरी,
जे बारा मागांच्या खाली
रोज चालू असेल.

स्केल बदलायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.
बदललं तर माग स्क्रीनबाहेर जातात.
आहे तसं ठेवलं तर त्यांचं गुणगुणणं
वर अर्धा ठिपका,
खाली त्याहून थोडं जास्त.